जुलैचा सल्ला, ऑक्टोबरचा सल्ला

जुलैत मी शेजारच्या मुलाला म्हणालो होतो, "सगळ्यात हवंसं कॉलेज सगळ्यात वर टाक. मिळेल की नाही याचा विचारच करू नकोस." ऑक्टोबरात त्याच्याच पाठच्या बहिणीला म्हणालो, "सगळ्यात हवंसं आहे म्हणून तिथेच टाकू नकोस. मिळेल की नाही याचा आधी विचार कर."

दोन्ही वाक्यं एकाच घरात, एकाच जेवणाच्या टेबलाशी बोललो, त्यामुळे पकडला गेलो. बंगळुरातल्या बसवनगुडीत, गांधी बझारच्या मागच्या गल्लीत हे मराठी घर तीन पिढ्यांपासून आहे. दसऱ्याचे दिवस होते. इथल्या रिवाजाप्रमाणे हॉलमध्ये पायऱ्या रचून बाहुल्या मांडल्या होत्या. वरच्या पायरीवर लाकडी राजा-राणी, मग देव, मग वाणी आणि वाजंत्री, अगदी खाली प्लास्टिकची क्रिकेट टीम. वहिनींनी कॉफीचा पेला पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "भावजी, तुमचं नक्की एक काय ते सांगा. पोराला म्हणालात वर बघ, पोरीला म्हणताय खाली बघ. मुलगी आहे म्हणून तर नाही ना?"

शेवटचा टोमणा लागला. पण प्रश्न रास्त होता. मुलगा कर्नाटकातल्या इंजिनिअरिंग प्रवेशाचे पर्याय भरत होता, मुलगी अमेरिकेतल्या विद्यापीठात मुदतीआधीचा अर्ज कुठे करायचा ते ठरवत होती. वरवर दोन्ही कामं सारखी दिसतात: आवडीची कॉलेजं क्रमाने लावायची. प्रत्यक्षात हे दोन वेगळे खेळ आहेत आणि एकाचा नियम दुसरीकडे लावला की नुकसान होतं. ते का, हे त्या दिवशी कॉफी संपेपर्यंत मला नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे सविस्तर.

डोसा आधी मागितला म्हणून नंबर जात नाही

कर्नाटकात हा प्रवेश 'केईए' म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरण करतं. बारावीचे, इथल्या भाषेत सेकंड पीयूचे, फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्सचे गुण निम्मे आणि सीईटीचे निम्मे धरून प्रत्येकाची रँक लागते. मग 'ऑप्शन एंट्री' उघडते. कॉलेज आणि शाखा अशा जोड्या आपल्या आवडीच्या क्रमाने भरायच्या. कितीही भरा, शंभर भरणारेही असतात.

आता संगणक काय करतो? रांगेत पहिल्या रँकच्या मुलाला उभं करतो, त्याच्या यादीतली पहिली जागा देतो. मग दुसऱ्याला. असं करत तुमच्यापर्यंत आला की विचारतो: याच्या यादीतली पहिली जागा शिल्लक आहे? नसेल तर दुसरी? तिसरी? जी पहिल्यांदा शिल्लक सापडेल ती तुमची. आरक्षणाच्या प्रवर्गांमुळे रांगा अनेक होतात, पण रीत तीच.

विद्यार्थी भवन आठवा. 1943 पासूनचं हे हॉटेल इथून चालत पाच मिनिटांवर. रविवारी सकाळी दारात नाव लिहून घेतात आणि नंबर आला की आत बोलावतात. तुमचा नंबर नाव लिहिलं तेव्हाच ठरला. आत बसल्यावर मसाला डोसा मागा की खारा भात, नंबर बदलत नाही. समजा डोसा संपला, तर वेटर म्हणेल दुसरं काही सांगा. 'तुम्ही आधी डोसा मागितलात, आता पुन्हा रांगेच्या शेवटी जा' असं म्हणणार नाही.

ऑप्शन एंट्री नेमकी अशी आहे. रँक म्हणजे वहीतला नंबर, यादी म्हणजे तुमची ऑर्डर. ऑर्डरमध्ये अशक्य वाटणारा पदार्थ आधी सांगितल्याने पुढच्या पदार्थाची संधी तसूभरही कमी होत नाही. उलट नुकसान होतं ते शहाणपणा केला की. समजा एखाद्याला मनातून मैसूर रोडचं आरव्ही कॉलेज हवं आहे, पण 'ते कुठलं आपल्याला' म्हणून त्याने बुल टेंपल रोडचं बीएमएस वर लिहिलं आणि आरव्ही खाली. बीएमएस शिल्लक असलं की संगणक तिथेच थांबणार. खालची ओळ तो वाचणारच नाही. त्या वर्षी आरव्ही त्याच्या रँकला मिळत असलं तरीही. (बीएमएस काही कमी नव्हे. 1946 साली सुरू झालेलं ते देशातलं पहिलं खासगी इंजिनिअरिंग कॉलेज, आणि या घरापासून अंतर दहा मिनिटांचं. वहिनींच्या लेखी हा त्याचा सर्वात मोठा गुण.)

केईए आधी एक 'मॉक अलॉटमेंट' करते, म्हणजे रंगीत तालीम. आत्ताच्या यादीवर काय मिळालं असतं ते दाखवते, मग यादी बदलायला वेळ देते. खऱ्या फेरीनंतर चार रस्ते: जागा घेऊन खेळ संपवणं, जागा हातात ठेवून वरच्या पर्यायांसाठी थांबणं, जागा सोडून पुढच्या फेरीत जाणं, किंवा बाहेर पडणं. बारकावे दरवर्षी थोडे बदलतात, सांगाडा तोच राहतो. आणि दुसऱ्या रस्त्याने गेलात तर वरचा पर्याय मिळताच आधीची जागा आपोआप सुटते, हे बऱ्याच घरांत उशिरा कळतं.

तर जुलैचा सल्ला चूक नव्हता. त्या खेळात खरं बोलणं हाच सगळ्यात चांगला डाव आहे.

मग 'पहिला पर्याय वाया जातो' हे आलं कुठून?

उगाच आलेलं नाही. जगात अशा पद्धती होत्या जिथे तो खरोखर वाया जायचा. अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात 2005 पर्यंत सरकारी शाळांचं वाटप असं होई: प्रत्येक शाळा आधी फक्त त्या मुलांकडे बघे ज्यांनी तिला पहिल्या क्रमांकावर लिहिलं होतं. जागा उरल्या तर दुसऱ्या क्रमांकावर लिहिणारे. लोकप्रिय शाळा वर लिहून ती हुकली, की दुसऱ्या पसंतीची शाळाही एव्हाना भरलेली असायची. आपल्या हॉटेलात सांगायचं तर, सकाळी पहिली ऑर्डर म्हणून खारा भात सांगणाऱ्यांनाच तो मिळणार. डोसा मागून मग भाताकडे वळलात तर पातेलं रिकामं. तिथे खरं बोलणं महाग पडायचं आणि माहितगार आईबापांची मुलं पुढे जायची. अर्थशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिल्यावर बॉस्टनने पद्धत बदलली.

बदलून जी आणली तिचं मूळ 1962 सालच्या एका छोट्या गणिती लेखात आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले या दोघांनी कॉलेज प्रवेश आणि लग्नं जुळवणं हा एकच प्रश्न आहे असं मांडलं. त्यांची युक्ती एका शब्दात सांगायची तर 'तात्पुरता होकार'. मूल आपल्या पहिल्या पसंतीकडे जातं. कॉलेज त्याला ठेवून घेतं, पण वचन देत नाही. पुढे अधिक वरच्या रँकचं मूल आलं तर आधीच्याला सोडतं. ते मग आपल्या दुसऱ्या पसंतीकडे जातं आणि तिथे त्याचा विचार अगदी पहिल्यासारखाच होतो. उशिरा आलं म्हणून कोणी हिणवत नाही. सगळी धावपळ थांबली की मगच होकार पक्के. शॅप्ले आणि ही कल्पना प्रत्यक्षात उतरवणारे ॲल्विन रॉथ यांना 2012 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गेल तोवर हयात नव्हते. आपल्याकडे 2015 पासून आयआयटी आणि एनआयटींच्या जागा एकत्र वाटणारी 'जोसा' ही व्यवस्थाही याच घराण्यातली.

पुण्याच्या नातेवाइकांचे फोन इथे गोंधळात भर घालतात. महाराष्ट्राच्या कॅप फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की ती जागा आपोआप गोठते, पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. म्हणून तिकडे 'पहिला नंबर जपून' असं सांगतात आणि ते बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ 'पहिल्या नंबरवर सोपं कॉलेज लिहा' असा नाही. जे मिळालं तर दुसऱ्या कशाकडे बघायचं नाही, तेच वर लिहा, एवढाच. वहिनींचे पुण्याचे भाऊ मात्र दरवर्षी पहिलाच अर्थ सांगतात.

सुपारी फुटली की फुटली

आता मुलीकडे. अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांत रँक नसते, रांग नसते, मधला संगणक नसतो. प्रत्येक विद्यापीठ आपापलं बघतं: शाळेतले गुण, निबंध, शिफारसपत्रं, आणि बरंच काही जे बाहेरून दिसत नाही. नेहमीचे अर्ज जानेवारीच्या सुमारास जातात आणि निकाल मार्चअखेरीस येतात. पण त्याआधी एक दार उघडतं. बहुतेक ठिकाणी 1 किंवा 15 नोव्हेंबर ही मुदत, निकाल डिसेंबरच्या मध्यावर. हा 'अर्ली' अर्ज.

त्यातला सगळ्यात कडक प्रकार 'अर्ली डिसिजन'. तो एकाच ठिकाणी करता येतो आणि करताना लिहून द्यावं लागतं की तुम्ही घेतलंत तर मी येणार, बाकी सगळे अर्ज मागे घेणार. कोलंबिया, कॉर्नेल, ब्राउन, डार्टमथ, पेन ही मंडळी या पद्धतीची. आपल्या भाषेत ही सुपारी फोडणं झालं. पत्रिका दहा घरी पाठवता येते, सुपारी एकाच घरी फुटते.

चौकट: अर्लीचे प्रकार

*अर्ली डिसिजन:* एकाच ठिकाणी, बंधनकारक. हो आलं की जायचं.
*अर्ली डिसिजन टू:* तेच बंधन, मुदत जानेवारीच्या सुमारास, निकाल साधारण फेब्रुवारीत. पहिली सुपारी फिसकटली तर दुसरी संधी. शिकागो, व्हँडरबिल्ट, जॉन्स हॉपकिन्स इथे आहे.
*अर्ली ॲक्शन:* लवकर अर्ज, लवकर उत्तर, बंधन नाही. 1 मेपर्यंत विचार करायला मोकळे. एमआयटी, पर्ड्यू, इलिनॉय (अर्बाना-शँपेन). नुसती बोलणी.
*रिस्ट्रिक्टिव्ह अर्ली ॲक्शन:* उत्तराचं बंधन नाही, पण त्या काळात इतर खासगी विद्यापीठांत लवकर अर्ज करायचा नाही. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड. बोलणी एकाच घरी, होकाराची सक्ती नाही.
*डिफर्ड:* लवकरच्या फेरीत ना हो ना नाही. अर्ज पुढच्या ढिगात. बंधन असलं तर तेही सुटतं.

पंगतीचा अंदाज

विद्यापीठाला सुपारीची एवढी हौस का? कार्यालयात लग्न केलेल्या कुठल्याही यजमानाला विचारा. पत्रिका वाटल्या हजार, येणार किती? पानं जास्त मांडली तर अन्न वाया, कमी मांडली तर अब्रू जाते. विद्यापीठाचंही असंच. ज्यांना होकार पाठवला त्यातले किती प्रत्यक्ष येतील याचा अंदाज चुकला तर वसतिगृहात खाटा कमी पडतात किंवा रिकाम्या राहतात. या प्रमाणाला तिकडे 'यील्ड' म्हणतात. आपण हजेरी म्हणू.

समजुतीसाठी एक काल्पनिक विद्यापीठ घेऊ. जागा 1000, अर्ज 20,000, आणि होकार मिळालेल्यांपैकी चौथाच माणूस येतो. तर 1000 जागा भरायला 4000 होकार पाठवावे लागतील. म्हणजे शंभरातले 20 निवडले. आता त्याच विद्यापीठाने निम्म्या जागा, 500, बंधनकारक अर्जांतून भरल्या. तिथे हजेरी जवळपास पूर्ण, म्हणून होकारही 500. उरलेल्या 500 जागांसाठी चौपट, 2000 होकार. एकूण 2500. शंभरातले साडेबारा. शिक्षक तेच, वर्ग तेच, खाटा तेवढ्याच. विद्यापीठ मात्र एकाएकी 'अधिक निवडक' झालं. आणि अंदाज चुकण्याची भीतीही अर्धी झाली.

म्हणजे तुम्ही त्याला एक मोलाची वस्तू देता: खात्री. बदल्यात ते आपला तराजू थोडा तुमच्या बाजूला झुकवतं. किती? ख्रिस्तोफर एव्हरी, अँड्र्यू फेअरबँक्स आणि रिचर्ड झेकहाउझर यांनी 14 नामांकित कॉलेजांतले पाच लाखांहून जास्त अर्ज तपासून 2003 साली पुस्तक लिहिलं. त्यांचा निष्कर्ष असा की लवकर अर्ज करणं हे सॅट परीक्षेत सुमारे 100 गुण जास्त मिळाल्यासारखं काम करतं. परीक्षा 1600 गुणांची. आकडा जुना आहे, पण कारण अजून जागेवर आहे.

पहिल्या पंगतीतले राखीव पाट

इथे एक सापळा आहे. वेबसाइटवर दिसतं: अर्लीमध्ये शंभरातले 20 घेतले, नेहमीच्या फेरीत 5. मग काय, चौपट संधी! आमच्या वहिनींनी हेच आकडे वहीत लाल शाईने लिहून ठेवले होते.

पहिली पंगत पटकन भरते, पण त्यातले कितीतरी पाट आधीच ठरलेले असतात. व्याही, भटजी, आत्याबाईंच्या यजमानांचे साहेब. अर्लीतही तसंच. खेळाडू म्हणून प्रशिक्षकाने आधीच हेरलेली मुलं याच फेरीत येतात. काही ठिकाणी माजी विद्यार्थ्यांची मुलं येतात. शिवाय ज्यांची तयारी ऑक्टोबरातच पूर्ण आहे अशी, म्हणजे सरासरीने तगडी, मुलं याच फेरीत येतात. त्यांना वगळल्यावर उरतो तो फरक तुमच्या कामाचा, आणि तो जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा बराच लहान असतो. शून्य मात्र नसतो.

खिशात नाणं एकच

आता मूळ मुद्दा. ऑप्शन एंट्रीत वरची ओळ फुकट असते. तिने खालच्या ओळींचं काही जात नाही. सुपारी फुकट नसते. ती एका घरी फोडलीत म्हणजे त्याच दिवशी दुसऱ्या घरी फोडता येत नाही. तेव्हा विचारायचं 'मला सगळ्यात काय आवडतं' एवढंच नव्हे, तर 'हे नाणं कुठे टाकलं तर सगळ्यात जास्त वाजेल'.

त्या संध्याकाळी मुलीने आणि मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं ते असं. आकडे आम्ही धरलेले, कुठल्या विद्यापीठाचे नव्हेत. तिचं स्वप्नातलं विद्यापीठ: नेहमीच्या फेरीत संधी शंभरात 3, लवकर अर्ज केला तर 5. दुसऱ्या पसंतीचं: नेहमीच्या फेरीत 12, लवकर केला तर 28. पहिल्यावर नाणं टाकलं तर पदरात पडतात जास्तीचे 2. दुसऱ्यावर टाकलं तर 16.

"पण काका, मला पहिलंच जास्त आवडतं," ती म्हणाली.

किती जास्त, हाच प्रश्न. दोन्हीकडे नाही मिळालं तर ती कुठे असेल? बंगळुरातच, एखाद्या चांगल्या कॉलेजात. त्या पायरीपासून मोजायचं. दुसऱ्या पसंतीचं मिळालं तर त्या पायरीपेक्षा आनंद एक माप वाढतो असं धरलं, तर पहिलं मिळाल्यावर तो आठ मापं वाढायला हवा. तरच 2 आणि 16 चा हिशोब बरोबरीत सुटतो. तिने जरा वेळ विचार केला. हॉलमधल्या पायऱ्यांकडे बघत म्हणाली, "आठ नाही. दीड. फार तर दोन." मग स्वतःच पहिल्या नावावर रेघ मारली.

या हिशोबाला दुसरी बाजूही आहे. एखाद्याला खरोखरच आठ मापं वाटत असतील, जगात एकाच प्रयोगशाळेत चालणारं काम त्याला करायचं असेल, तर नाणं तिथेच टाकावं. आणि मुळातच संधी चांगली असेल अशा ठिकाणी ते खर्चू नये. तिथे बंधन घालून घेऊन मिळतं काय? जे मिळणारच होतं ते लवकर मिळतं आणि तुलना करायचा हक्क जातो. नाणं वाजतं ते मधल्या पट्ट्यात: जिथे तुम्ही उंबरठ्यावर आहात, आत घेतलं तरी चालेल आणि नाही घेतलं तरी, आणि तुमचा शब्द पारडं हलवू शकतो.

तीन सह्या

यापुढचं बोलणं मुलीच्या बाबांशी झालं. ते एरवी या विषयात पडत नाहीत. पेपर वाचत असतात, पण पान उलटत नाहीत.

बंधनकारक अर्जाच्या करारावर तीन सह्या लागतात: विद्यार्थ्याची, पालकाची आणि शाळेच्या समुपदेशकाची. कोर्टात कोणी खेचत नाही, पण शब्द मोडला तर त्या शाळेच्या पुढच्या मुलांकडे विद्यापीठ संशयाने बघू लागतं. वचनातून सुटायचं मान्य कारण एकच, पैसा. जी आर्थिक मदत देऊ केली त्यात परवडत नाही असं दाखवता आलं तर सोडतात. तरीही चार ठिकाणची मदतीची पत्रं शेजारी शेजारी ठेवून घासाघीस करायची सोय गेलेली असते. हार्वर्ड आणि प्रिन्स्टनने 2006 मध्ये आपली लवकरची फेरी बंद करायचं जाहीर केलं तेव्हा हाच आक्षेप होता: तुलना करायची गरज नसलेल्या सधन घरांना ही फेरी झुकतं माप देते. 2011 मध्ये दोघांनीही ती परत आणली.

परदेशी विद्यार्थ्यांना आणखी एक अडचण. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकीच ठिकाणं परदेशी मुलाला निवडताना त्याची ऐपत बघत नाहीत. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की ते निवडीच्या वेळी मोजलं जातं. मागितली नाही तर नंतर मागता येईल अशी आशा धरू नये. म्हणजे सुपारी फोडण्याआधी घरात एक आकडा ठरलेला लागतो: चार वर्षांचे मिळून आपण जास्तीत जास्त किती देऊ शकतो. 'बघू पुढचं पुढे' इथे चालत नाही.

बाबांनी पेपर खाली ठेवला. मुदतठेवी, पीएफ, गावाकडची जमीन जी भावांच्या नावावर अजून एकत्र आहे. बसवनगुडीतलं घर कागदावर कोट्यवधींचं, पण ते विकून राहायचं कुठे? मदतीच्या अर्जात मात्र मालमत्ताही विचारतात. "सही मी करीन," ते म्हणाले, "पण सही केल्यावर आकडा बघायचा, हे मला जमणार नाही. आयुष्यात कधी केलं नाही." मला वाटतं त्या संध्याकाळचं सगळ्यात शहाणपणाचं वाक्य ते होतं. आमचं 2 आणि 16 चं गणित त्यापुढे पोरखेळ ठरलं. आनंदाची मापं आपण मनाने धरू शकतो. फीची पावती मनाने धरता येत नाही.

म्हणून शेवटी तिने सुपारी कुठेच फोडली नाही. बंधन नसलेले दोन अर्ज दोन मोठ्या सरकारी विद्यापीठांत 1 नोव्हेंबरच्या आत केले. माझ्या मते ज्यांचा पैशाचा आकडा पक्का नाही त्यांच्यासाठी हाच रस्ता बरा. झुकतं माप फारसं मिळत नाही, पण डिसेंबर-जानेवारीत काहीतरी उत्तर हातात येतं आणि हात बांधलेले नसतात.

गुडघ्याला बाशिंग

अर्जांच्या तारखा एवढ्या अलीकडे का सरकल्या असतील? रॉथ यांनी अमेरिकन इस्पितळांची गोष्ट सांगितली आहे. 1940 च्या दशकात इस्पितळं शिकाऊ डॉक्टर पटकावण्यासाठी एकमेकांच्या आधी हालचाल करू लागली. होता होता पदवीला दोन वर्षं बाकी असलेल्या मुलांना नेमणुका मिळू लागल्या. मुलगा पुढे सर्जन होणार की बालरोगतज्ज्ञ, हे त्याचं त्यालाही माहीत नसताना. पाळण्यातली लग्नंच ती. एकट्या इस्पितळाने थांबायचं ठरवलं तर त्याच्या वाट्याला उरलेले. शेवटी सगळ्यांनी मिळून 1952 मध्ये मध्यवर्ती जुळणी सुरू केली. ती गेल-शॅप्ले यांच्या पद्धतीशी जुळणारी निघाली, हे रॉथ यांनी पुढे 1984 मध्ये दाखवलं.

अमेरिकन विद्यापीठं अजून त्या आधीच्या अवस्थेत आहेत. प्रत्येकजण गुडघ्याला बाशिंग बांधून. मध्ये जुळवणारा कोणी नाही, म्हणून मुलाला खरं बोलण्याऐवजी डाव टाकावा लागतो. केईएला आपण काय काय बोलतो. सर्व्हर बसला, वेळापत्रक पुढे गेलं, अमुक झालं. पण आवड आणि संधी वेगळ्या ठेवण्याची चैन ती सतरा वर्षांच्या मुलाला देते, हे ऑक्टोबरात अमेरिकेचे अर्ज बघितल्यावरच कळतं.

कडलेकाई ते जून

अर्ज गेल्यावर करण्यासारखं काही नव्हतं. कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी बुल टेंपल रोडवर नेहमीप्रमाणे कडलेकाई परिषे, म्हणजे शेंगांची जत्रा, भरली. शेंगांचे ढीग, भाजलेल्या, उकडलेल्या, ओल्या. दंतकथा अशी की इथल्या शेतातला भुईमूग एक बैल येऊन फस्त करायचा. शेतकऱ्यांनी देऊळ बांधून पहिलं पीक बसवण्णाला, म्हणजे नंदीला, द्यायचं कबूल केलं. मुलगी शेंगा सोलत म्हणाली, "म्हणजे बसवण्णा अर्ली डिसिजनवाला." सबंध रस्त्यावर तिच्या हसण्याचं कारण आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

पुढे एकीकडून हो आलं, दुसरीकडून अर्ज पुढे ढकलला. मग फीचं पत्र आलं. एप्रिलभर बाबांनी ते चारदा उघडलं, आकडे दोन वेगवेगळ्या पेनांनी मांडले. 1 मे आला आणि गेला. मुलगी दोन दिवस फारशी बोलली नाही, तिसऱ्या दिवशी सीईटीच्या उत्तरांचा अंदाज घेत बसली.

ऑप्शन एंट्री उघडली त्या दिवशी मी मुद्दाम गेलो नाही, वहिनींनीच बोलावलं. लॅपटॉप त्याच टेबलावर. पुण्याचे मामा स्पीकरवर होते. "पहिल्या नंबरला एवढं मोठं नाव कशाला? वाया जाईल. जरा व्यवहारी लिहा."

"मामा," ती टाइप करता करता म्हणाली, "इथे डोसा आधी मागितला म्हणून नंबर जात नाही."

"डोसा? कसला डोसा?" मामा विचारत राहिले. वहिनी माझ्याकडे बघून हसल्या आणि कॉफी टाकायला आत गेल्या.